जुन्या गेमला कोणतं मिडी लावायचं?

मी 'डूम' पहिल्यांदा खेळलो तो मामेभावाच्या ४८६ संगणकावर. साउंड कार्ड साधं होतं, त्यामुळे पहिल्या लेव्हलची गिटार पातळ, पत्र्यावर नखं ओढल्यासारखी वाजायची. पुढे कित्येक वर्षांनी तीच लेव्हल रोलँड कंपनीच्या साउंड कॅनव्हास या ध्वनियंत्राच्या आवाजात ऐकली, तेव्हा कळलं की संगीतकार बॉबी प्रिन्स यांना गिटारचा तो गुरगुरणारा, जाड आवाज हवा होता. तेव्हापासून कुठलाही जुना गेम लावताना मी आधी एकच गोष्ट बघतो: संगीत रचणाऱ्यानं ते कोणत्या यंत्रावर ऐकलं असेल? कारण मिडी म्हणजे ध्वनिमुद्रण नव्हे, कोणता सूर कोणत्या वाद्यावर वाजवायचा याच्या नुसत्या सूचना; आवाज यंत्राचाच.

याचं उत्तर बहुतेक वेळा गेमच्या सालातच मिळतं.

१९८८ ते साधारण १९९१ चा गेम असेल, त्यातही सिएरा या गेम कंपनीचा, तर रोलँड एमटी-३२ निवडा. हे यंत्र १९८७ चं. 'किंग्ज क्वेस्ट ४'पासून सिएरानं त्याच्यासाठी खास संगीत करून घेतलं आणि यंत्रही स्वतः गिऱ्हाइकांना विकलं. गेम सुरू होताना तो आपले खास घडवलेले आवाज यंत्रात भरतो. 'स्पेस क्वेस्ट ३' लावला की यंत्राच्या छोट्या पडद्यावर 'इन्सर्ट बकाझॉइड' अशी अक्षरंही उमटतात! म्हणूनच असा गेम जनरल मिडीवर (म्हणजे वाद्यांची यादी आधीच ठरलेल्या मिडीवर) लावू नका. भरलेले आवाज तिथे पोचतच नाहीत आणि नको तिथे भलतंच वाद्य वाजतं.

खरं यंत्र नसलं तरी अडत नाही. स्कमव्हीएम आणि डॉसबॉक्स स्टेजिंग या, जुने गेम आजच्या संगणकावर चालवणाऱ्या दोन्ही प्रोग्रॅममध्ये मंट हा एम्युलेटर, म्हणजे एमटी-३२ ची नक्कल करणारा प्रोग्रॅम, आहेच. त्याला एमटी-३२ च्या कंट्रोल आणि पीसीएम अशा दोन रॉम फाइल (यंत्राच्या चिपमधल्या माहितीच्या प्रती) लागतात. त्या रोलँडच्या मालकीच्या आहेत, तेव्हा स्वतःच्या यंत्रातून काढलेल्याच वापरा. मग स्टेजिंगच्या मिडी विभागात 'मिडीडिव्हाइस' (mididevice) पुढे mt32 लिहा. गेमच्या सेटअपमध्येही रोलँड निवडायला विसरू नका. निम्मे लोक इथेच चुकतात.

१९९२ नंतरच्या गेमला बहुधा जनरल मिडी. हे मानक १९९१ चं, १२८ वाद्यांचं, आणि त्या काळच्या रचनाकारांचं आवडतं यंत्र म्हणजे रोलँड एससी-५५, तेच ते साउंड कॅनव्हास. विंडोजमधल्या मिडीवर समाधान मानू नका. सूर ऐकू येतात, पण किंचित उशिरा. त्यापेक्षा स्टेजिंगमध्ये फ्लुइडसिंथ हा मिडी वाजवणारा पर्याय निवडून साउंडफाँट, म्हणजे वाद्यांच्या आवाजांची फाइल, जोडा. मी जनरलयूझर जीएस वापरतो. साधारण ३० एमबीचा आहे, फुकट मिळतो आणि त्यातले ड्रम दणकट आहेत. सेटअपमध्ये संगीताला जनरल मिडी, पोर्ट ३३०. गोळ्यांच्या आवाजाला मात्र साउंड ब्लास्टर हे साउंड कार्डच, पोर्ट २२०.

'वुल्फेन्स्टाइन ३डी'सारखे गेम मात्र वेगळे. त्याचं संगीत अ‍ॅडलिब या जुन्या साउंड कार्डावरच्या, आवाज स्वतः घडवणाऱ्या एफएम चिपसाठीच रचलेलं आहे. तिथे मिडी शोधत बसू नका.

कुणी हौसेनं खरं, जुन्या बनावटीचं एमटी-३२ घेतलंच आणि गेम सुरू होताना त्याच्या पडद्यावर बफर ओव्हरफ्लो दिसलं, तर ते बिघडलं समजून परत करू नका. आजचा संगणक त्याला फार भराभर माहिती पाठवतो, एवढंच. डॉसबॉक्सच्या मिडी सेटिंगमध्ये 'डिलेसिसेक्स' (delaysysex) लिहा, मग चालेल.