एमएस्सी मायक्रो घेण्याआधी जाहिरातीतली अर्हता वाचा

गडचिरोली-गोंदियाकडच्या मुलांना मलेरिया, हत्तीपाय, पावसाळ्याअखेरचा स्क्रब टायफस पुस्तकातून कळावा लागत नाही. मुलांना मेंदूज्वर देणारा चांदीपुरा विषाणूही १९६५ मध्ये नागपूरकडच्या नमुन्यांतच सापडला. त्यामुळे बीएस्सीनंतर मायक्रोबायोलॉजीच्या, म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्राच्या वाटेनं जावंसं वाटणं साहजिक आहे. जरूर जा.

पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा : एमएस्सी मायक्रोबायोलॉजी म्हणजे लॅब टेक्निशियनची पात्रता नव्हे. सरकारी दवाखान्यांच्या आणि आरोग्य कार्यक्रमांच्या जाहिरातींत बहुतेक वेळा डीएमएलटी किंवा बीएमएलटी, म्हणजे मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा किंवा पदवी मागतात. "आपलं शिक्षण तर त्याहून जास्त आहे, घेतील" असं धरून अर्ज भरला की छाननीतच नाव कटतं, मग फर्स्ट क्लास असो की गोल्ड मेडल. कारणही सरळ आहे. डीएमएलटीत रक्त काढणं, रक्तपेशी मोजणं, बायोकेमिस्ट्री, रक्तपेढी हे रोजचं काम शिकवतात. एमएस्सीत माती, दूध आणि किण्वनाचे पेपर असतात. दोन वर्षं आणि घरच्यांचा पैसा गेल्यावर हे कळलं तर फार जड जातं. म्हणून प्रवेशाआधी हव्या त्या पदाच्या दोन-तीन जुन्या जाहिराती काढा आणि शैक्षणिक अर्हतेची ओळ शब्दन् शब्द वाचा. घराजवळ लवकर नोकरी हवी असेल तर बीएस्सीनंतर डीएमएलटी करा. त्यात कमीपणा काही नाही. फक्त संस्थेची मान्यता कागदावर पाहा. पंधरा दिवसांच्या पीसीआर (जनुकीय चाचणीचं तंत्र) सर्टिफिकेटवर पैसे घालू नका, ते कुणी विचारत नाही.

संशोधन करायचं असेल तर मात्र एमएस्सी योग्यच. सीएसआयआर नेटला, म्हणजे संशोधन शिष्यवृत्तीच्या राष्ट्रीय परीक्षेला, खुल्या प्रवर्गाला एमएस्सीत ५५ टक्के लागतात. लाइफ सायन्सेसच्या १३ युनिटांपैकी परजीवी-यजमान संबंध आणि रोगप्रतिकारशक्ती हे चौथ्या युनिटात येतं; नुसतं मायक्रो वाचून पेपर निघत नाही. भाग क मध्ये ७५ पैकी २५ प्रश्न सोडवायचे, प्रत्येकी ४ गुण. चुकलं की त्या प्रश्नाचे २५ टक्के, म्हणजे १ गुण कटतो. या परीक्षेतून जेआरएफ ही शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं, म्हणजे पीएचडीसाठी घरी हात पसरावा लागत नाही.

हात मात्र आतापासून बसवा. मलेरियाची स्लाइडच घ्या. पातळ स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थर) मिथेनॉलनं फिक्स करायचा, म्हणजे पेशी काचेवर पक्क्या करायच्या; जाड स्मिअर कधीच नाही. जाड थरातल्या लाल पेशी रंगवताना पाण्यात फुटल्या तरच परजीवी दिसतात. फिक्स झाल्या की सगळा गढूळ थर उरतो. पावसाळ्यात लवकर वाळावी म्हणून स्लाइड दिव्यावर धरली, किंवा मे महिन्याच्या उन्हात रंगवल्याविना पडू दिली, तरी उष्णतेनं ती फिक्स होते आणि पॉझिटिव्ह रुग्ण निगेटिव्ह ठरतो. निगेटिव्ह लिहिण्याआधी ऑइल इमर्शनखाली (तेलाचा थेंब टाकून वापरायच्या भिंगाखाली) किमान १०० फील्ड, म्हणजे एका वेळी दिसणारे १०० भाग, पाहा. कंटाळा येतो, पण त्या चिठ्ठीवर कुणाचं तरी औषध ठरतं.

गाइड निवडताना नावापेक्षा त्यांच्या मागच्या दोन विद्यार्थ्यांना भेटा. सर लॅबमध्ये येतात का, प्रबंधाचे नमुने खरे रुग्णांचे होते का, एवढं विचारा. जे सर "टॉपिक मी देतो, तू फक्त टाइप कर" म्हणतात त्यांच्याकडे जाऊच नका.

डास-किडे आवडत असतील आणि झूलॉजी असेल, तर पुदुच्चेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरची दोन वर्षांची पब्लिक हेल्थ एंटोमॉलॉजीची (रोग पसरवणाऱ्या कीटकांच्या अभ्यासाची) एमएस्सी पाहा. आपल्याकडच्या कॉलेजांत हे नाव क्वचितच कुणी सांगतं.