व्हेंच्युरी खत ओढत नाही? मग या चुका तपासा

मोटर चालू आहे, दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा दीड किलोवर (दर चौरस सेंटीमीटरला) आहे, ड्रिपर व्यवस्थित ठिबकताहेत. पण व्हेंच्युरीपासून (ठिबकच्या पाण्यात खत ओढून घेणारा प्लास्टिकचा तुकडा) खताच्या बादलीत सोडलेल्या नळीतून खत वर चढायचं सोडून उलट पाणीच बादलीत उतरतंय. ठिबकवर खत सोडणाऱ्या बहुतेकांनी हे कधी ना कधी पाहिलेलं असतं. अशा वेळी हात पहिला जातो तो दाब वाढवण्याकडे, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

माझ्याही हातून हे झालं आहे. डाळिंबाला 12:61:00 हे विद्राव्य खत सोडायचं होतं. खत ओढेना, म्हणून दाब वाढवायला प्लॉटमधले चारपैकी दोन व्हॉल्व्ह बंद केले. काटा दोन किलोच्या पुढे गेला आणि बादली भरून वाहायला लागली. विद्राव्य खताचं पाणी डोळ्यांदेखत मुरमात मुरलं. त्या दिवशी एक गोष्ट पक्की कळली: व्हेंच्युरी दाबावर चालत नाही, पुढच्या आणि मागच्या दाबातल्या फरकावर चालते.

घशात नेमकं काय होतं

व्हेंच्युरी म्हणजे मधोमध गळा आवळलेली नळी. पाणी काही चेपलं जात नाही, त्यामुळे एका तोंडातून जितकं आत शिरलं तितकंच दुसऱ्या तोंडातून बाहेर पडायला हवं. व्यास एकतृतीयांश झाला की वाट एकनवमांश उरते, म्हणजे तिथे पाण्याला नऊपट वेगाने पळावं लागतं. हा वेग फुकट येत नाही. तो दाब खर्चून येतो. अरुंद जागी दाब वाढत नाही, उतरतो. डॅनियल बर्नुलीने दाब आणि वेगाचं हे नातं 1738 साली मांडलं. जोव्हान्नी बत्तिस्ता व्हेंच्युरी या इटालियन शास्त्रज्ञाने आवळलेल्या नळ्यांवरचे प्रयोग 1797 साली छापले. आपल्या बांधावरच्या त्या प्लास्टिकच्या तुकड्याला त्याचंच नाव आहे.

हिशेब करून बघा. नळीत पाणी सेकंदाला पावणेदोन मीटर वेगाने आलं, तर घशात ते पावणेसोळा मीटरने जातं. एवढा वेग यायला साधारण सव्वा किलो दाब खर्ची पडतो. इनलेटला, म्हणजे पाणी आत शिरतं त्या तोंडाला, एक किलो असेल तर घशातला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो आणि बाहेरची हवा बादलीतलं खत आत ढकलते. पण इनलेटला दीड किलो आहे आणि वेग तेवढाच आहे, तर घशात पाव किलो शिल्लक राहतो. मग खत आत येणार कसं? पाणीच बाहेर येणार.

माझे व्हॉल्व्ह बंद करणं का अंगलट आलं ते इथे कळतं. पुढची वाट अडवल्यावर सगळीकडचाच दाब चढला, व्हेंच्युरीतून जाणारं पाणी मात्र कमी झालं. वेग मेला, ओढ मेली. ड्रिपर चोक झाले किंवा पुढचा फिल्टर भरला तरी हेच होतं. मागच्या महिन्यात ओढणारी व्हेंच्युरी या महिन्यात ओढत नसेल, तर ती बदलण्याआधी फिल्टरची जाळी काढून धुवा.

मेनलाइनचा व्हॉल्व्ह

व्हेंच्युरी मेनलाइनला समांतर बसवलेली असते आणि तिच्या इनलेट-आउटलेटच्या मधे मेनलाइनवर एक व्हॉल्व्ह असतो. तो पूर्ण उघडा ठेवला की पाणी सरळ, मोकळ्या वाटेने निघून जातं. आवळलेल्या गळ्यातून ते कशाला जाईल? तो पूर्ण बंद केला तर सगळं पाणी त्या बारक्या घशातून काढावं लागतं आणि शेवटच्या ओळींतली झाडं तहानलेली राहतात.

व्हॉल्व्ह हळूहळू, एकेक वेढा आवळायचा आणि डोळे नळीवर ठेवायचे. आधी उलटं येणारं पाणी थांबतं. मग खताची रेघ नळीत वर सरकू लागते. तिथून अजून थोडं आवळा आणि थांबा. व्हेंच्युरीच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन गेज असतील तर काम सोपं होतं. आउटलेटचा दाब इनलेटपेक्षा निदान पाचव्या हिश्शाने कमी हवा, काही मॉडेलना त्याहून जास्त फरक लागतो. एकाच गेजवर भरवसा ठेवू नका. प्लॉटचे व्हॉल्व्ह बंद असताना गेज बघून ‘प्रेशर भरपूर आहे’ म्हणणं तर सोडूनच द्या. पाणी थांबलेलं असताना घर्षण नसतं, म्हणून काटा चांगलाच दिसतो. पाणी वाहत असताना तो कुठे राहतो ते बघायचं.

पाइप बारीक केला की प्रेशर वाढतं?

हा समज फार खोल रुजलेला आहे, आणि तो येतो नळीवर अंगठा ठेवून पाणी लांब उडवण्यातून. अंगठा ठेवल्यावर नळीतून जाणारं पाणी कमी होतं, लांब नळीतलं घर्षण घटतं आणि अंगठ्याच्या मागे दाब साठतो. तोच बारीक फटीत वेगात बदलतो. म्हणजे दाब अडथळ्याच्या मागे वाढतो, पुढे नाही. शेवटच्या लॅटरलला (ड्रिपर असलेल्या ओळीतल्या नळीला) दाब मिळावा म्हणून 63 एमएमच्या जागी 50 एमएमची सबमेन (लॅटरलना पाणी पुरवणारा पाइप) टाकणारे लोक मी पाहिले आहेत. तेवढंच पाणी न्यायचं तर त्या पाइपात घर्षणाने वाया जाणारा दाब सुमारे तिप्पट होतो. शेवटची ओळ आणखी सुकते.

बाकीच्या चुका पटकन सांगतो. व्हेंच्युरी उलटी बसवली जाते, अंगावरचा बाण पाण्याच्या दिशेने हवा. बादलीतली जाळी न विरघळलेल्या खताने बुजते. कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेट किंवा फॉस्फेटची खतं एकाच बादलीत कालवली की साका बसतो, तो आधी जाळीत आणि मग ड्रिपरमध्ये अडकतो. नळीच्या जोडात बारीक चीर असेल तर खताऐवजी हवा ओढली जाते. पारदर्शक नळीत बुडबुड्यांची माळ दिसली तर जोड घट्ट करा, नाहीतर नळीचं टोक कापून पुन्हा बसवा.

एका गोष्टीत मात्र हयगय नको. लाइट गेली की मोटर थांबते, चढावरच्या पाइपातलं पाणी मागे फिरतं आणि खत विहिरीत उतरू शकतं. त्याच विहिरीचं पाणी घरात पिण्याला असेल तर हे भयंकर आहे. मोटर आणि व्हेंच्युरी यांच्या मधे मेनलाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे फिरू न देणारा) हवाच, खताच्या नळीवरही एक हवा. वर्षातून एकदा मोटर मुद्दाम बंद करून बघा: बादलीतली पातळी जिथल्या तिथे राहते का.