जुन्या ॲल्युमिनियम एमटीबी (माउंटन बाइक) फ्रेमचं काम शिकायचंय? मग कलर नंतर, आधी हे

जुनी सायकल रिस्टोअर करायला शिकायचंय असं हल्ली बरेच जण विचारतात आणि त्यातले निम्मे पुढच्याच वाक्यात विचारतात की कलर कुठला देऊ. कलर सगळ्यात शेवटी हो. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर काम शिकायचं तर पहिलं शिकायचं ते ही फ्रेम ठेवायची की भंगारात द्यायची, हे ठरवायला. मी मेकॅनिकल डिप्लोमा केलेली, नाशिकच्या अंबडला एका कंपनीत क्वालिटीमध्ये आहे आणि फ्रेमचं काम सुट्टीच्या दिवशी करते, दिवसभर पार्ट रिजेक्ट करायची सवय असल्यामुळे असेल पण मला हे पटकन पटलं, नवीन पोरांना पटायला वेळ लागतो कारण समोर नव्वदच्या दशकातली छान जाड पाइपांची फ्रेम असते आणि जीव तिच्यात अडकलेला असतो.

कारण साधं आहे. स्टीलचं असं असतं की एका मर्यादेखालचा ताण कितीही वेळा दिला तरी ते थकत नाही. ॲल्युमिनियमला ती मर्यादाच नाही, छोटे छोटे दणकेसुद्धा साठत जातात. म्हणून तर कॅननडेल, क्लाइन वगैरे सायकल कंपन्यांनी पाइप एवढे जाड व्यासाचे केले, व्यास वाढला की फ्रेम कडक होते, कमी लवते. कॅननडेलची पहिली ॲल्युमिनियम सायकल १९८३ ची, एमटीबी त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे यातल्या काही फ्रेम आता चाळिशीला आल्यात. आमच्या शेजारी ओझरच्या एचएएलमधून, म्हणजे विमानांच्या कारखान्यातून रिटायर झालेले एक काका राहतात, त्यांना पहिली फ्रेम दाखवली तर ते एवढंच म्हणाले, "अगं विमानाचे उडालेले तास लिहून ठेवतात, तुझ्या सायकलीचे कोणी लिहिलेत?"

क्रॅक शोधायचं पण त्यांनीच शिकवलं. डाय पेनिट्रंट म्हणतात त्याला, तीन स्प्रेचा सेट मिळतो, क्लीनर, लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर. आधी जोडाजवळचा रंग काढायचा, रंगावर ही टेस्ट होत नाही. क्लीनरने पुसून लाल डाय मारायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग फडक्यावर क्लीनर घेऊन वरचा लाल पुसून काढायचा (थेट फ्रेमवर क्लीनर मारला तर क्रॅकमधला डायसुद्धा धुऊन जातो, सगळे हेच करतात) आणि वरून पांढऱ्याचा पातळ थर. क्रॅक असेल तर पांढऱ्यावर बारीक लाल रेघ हळूहळू उमटते, केसाएवढी असते आणि बघता बघता जाड होते. बघायच्या जागा म्हणजे हेड ट्यूब (हँडलखालचा आखूड पाइप) आणि डाऊन ट्यूबचा (तिथून पेडलकडे उतरणारा पाइप) जोड खालून, सीट ट्यूबला (सीटखालचा उभा पाइप) वर जिथे क्लॅम्पची खाच असते तिथे, बीबीजवळ (बॉटम ब्रॅकेट, पेडलचा आस बसतो तो भाग) चेनस्टेचा (तिथून मागच्या चाकाकडे जाणारा पाइप) जोड, आणि मागचे ड्रॉपआउट, म्हणजे चाकाचा आस बसतो त्या खाचा. रेघ आली की विषय संपला.

इथे हमखास कोणीतरी म्हणतं की आर्गन वेल्डिंग करून घेऊ, सातपूरला मस्त करतात. करतात, वेल्डरच्या हातात काही खोट नाही. पण ६०६१ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची फ्रेम टी-६ केलेली असते, म्हणजे कारखान्यात पूर्ण फ्रेम ५३० अंशांच्या आसपास तापवून, झटकन गार करून, मग १६०-१८० अंशाला कित्येक तास ठेवून तिला ताकद दिलेली असते. वेल्ड मारला की त्याच्या बाजूचा पट्टा मऊ पडतो आणि ती सगळी प्रोसेस परत केल्याशिवाय ताकद येत नाही, त्यात फ्रेम वाकडी होते ती वेगळीच. एका हौशी फ्रेमसाठी हे कोण करणार. भिंतीवर लावा छान दिसते.

क्रॅक नसेल तर पुढचा डोक्याला ताप म्हणजे अडकलेला सीटपोस्ट, सीट ज्यावर बसते तो दांडा. घाम, पाणी आणि वर्षानुवर्षं ग्रीस नाही, पोस्ट आणि फ्रेमच्या मध्ये पांढरी पावडर धरते आणि ती फुगून जाम होते. स्टीलचा पोस्ट असेल तर दोन धातूंमुळे गंज आणखी जोरात. बीबी काढा, फ्रेम उलटी टांगा, खालून सीट ट्यूबमध्ये पेनिट्रेटिंग ऑइल सोडा आणि दोन-चार दिवस विसरून जा, मध्ये मध्ये थोडं टाका. मग पोस्ट मोठ्या व्हाइसमध्ये धरायचा आणि फ्रेमच पकडून फिरवायची, फ्रेम हाच लांब दांडा होतो. झटके नको, दोन्ही बाजूंना थोडं थोडं. पहिला "कर्रर्र" आवाज आला की समजायचं सुटलं. गॅसची बत्ती लावायचा सल्ला मिळेल, पण पोस्टही ॲल्युमिनियमचा असेल तर दोन्ही सारखेच फुगतात, फायदा शून्य, आणि लोखंड लाल होऊन सांगतं तसं ॲल्युमिनियम काहीच सांगत नाही, एकदम बसतं. कॉस्टिक सोडा ओतायचे व्हिडिओ आहेत, तो पोस्टबरोबर फ्रेम पण खातो आणि हायड्रोजन सोडतो, घरात तर अजिबात नको. अगदीच नाही निघाला तर पोस्ट वरून कापून आतून हॅक्सॉ ब्लेडने हळूहळू चीर पाडायची. कंटाळवाणं आहे पण होतं.

मापं घ्यायला वर्नियर कॅलिपर विकत घ्या, उधार नको. २६.८ मिमीचा पोस्ट २७.२ मिमीच्या फ्रेममध्ये "बसतो" म्हणून क्लॅम्प आवळत बसणारे लोक मी बघितलेत, खाच तिथेच फाटते. बीबी बहुतेक १.३७ इंच, इंचाला २४ आट्यांचा, त्यात चेनच्या बाजूचा आटा उलटा असतो, आवळायला डावीकडे. मऊ धातू आहे, पान्ह्याला पाइप लावायच्या आधी हे दोनदा आठवा. आणि मागचं हब बसत नाही म्हणून ड्रॉपआउट ताणायचे नाहीत, स्टीलला हे चालतं, इथे नाही.

आता कलर. पावडर कोटिंगवाल्याला फ्रेम देताना ॲल्युमिनियम आहे हे तोंडाने सांगा, नाहीतर लोखंडी ग्रिलबरोबर स्ट्रिपिंगच्या, म्हणजे जुना रंग काढायच्या केमिकलच्या टाकीत जाते. एकदा मला परत मिळालेल्या फ्रेमचा पृष्ठभाग नुसता खडबडीत राखाडी झाला होता, दुकानदार म्हणे मॅट फिनिश आहे. जोरात सँडब्लास्टिंग पण नको, पाइप मधल्या भागात पातळ असतात, काचेच्या बारीक मण्यांचं ब्लास्टिंग असेल तर ठीक. बीबीचे आटे, हेडसेटच्या (हँडलच्या बेअरिंगच्या) वाट्यांची जागा, ब्रेकचे खुंट, डिरेल्युअर (मागचा गिअर बदलणारा भाग) लागतो त्या हँगरचा आटा हे सगळं स्वतः झाकून द्या. भट्टी १८० ते २०० अंश, दहा-वीस मिनिटं, वेल्ड केलेल्या फ्रेमला एवढं चालतं. पण ट्रेकच्या वगैरे त्या काळच्या काही फ्रेम वेल्ड नाही, इपॉक्सीने चिकटवलेल्या आहेत, जोडाला वेल्डचा उंचवटा दिसत नसेल तर भट्टीचं नावही काढू नका, एच प्राइमर (धातूला पकडून ठेवणारा रंगाखालचा थर) मारून साधा स्प्रे करा.

शिकायचं कुठे? कोर्स शोधू नका. आयटीआय सिग्नलजवळच्या आयटीआयमधून फिटर किंवा वेल्डर केलेली पोरं यात माझ्यासारख्या डिप्लोमावाल्यांपेक्षा पुढे असतात, हाताला सवय असते. ते नसेल तर एखाद्या सायकल दुकानात शनिवार-रविवार फुकट बसा, छर्रे धुवा, चाकांचा वाकडेपणा काढा. पैशाचं खरं सांगायचं तर नुसत्या फ्रेम रिस्टोअरवर नाशिकमध्ये घर चालणार नाही. सर्व्हिसिंगवर थोडंफार चालतं, २०१५ ला आपल्या महाजन डॉक्टर बंधूंनी रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली तेव्हापासून माझ्या मते इथे चांगल्या सायकली घेणारे वाढले आणि त्या सायकली आता जुन्या व्हायला लागल्यात, ते गिऱ्हाईक आहे. फ्रेम दुसऱ्याची असेल तर टेस्टचे फोटो काढून ठेवा आणि नाही म्हणायचं असेल तर फोटो दाखवून म्हणा, भांडण होत नाही.

जोडून झाल्यावर लगेच पांडवलेणीच्या मागे दगडात घालू नका. गंगापूर धरणाच्या रस्त्याने सपाटीवर आरामात एक चक्कर, घरी येऊन फ्रेम धुवायची, टॉर्च घ्यायचा, आणि हेड ट्यूबखालचा जोड पुन्हा बघायचा.