पाठीला पोक आलंय? आधी ते सुटतं का, ते तपासा

पाठीचा मधला भाग थोडा मागे गोलावलेला असणं हा दोष नाही. छातीच्या मागचे बारा मणके तशाच कमानीत रचलेले असतात. एक्स-रेवर ही कमान साधारण २० ते ४५ अंश भरते. त्यापुढे गेली की डॉक्टर तिला कायफोसिस म्हणतात. पण अंश मोजण्याआधी घरीच एक गोष्ट कळू शकते: बाक सुटतो की नाही.

सतरंजीवर पालथं झोपा, हात अंगालगत. हनुवटी किंचित आत ठेवून डोकं आणि खांदे उचला आणि कुणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा. पाठ सपाट झाली तर बाक सवयीचा. उचलूनही गोलाई तशीच राहिली तर मणके ताठर आहेत, आणि तिथे नुसत्या व्यायामावर विसंबू नये.

दुसरी तपासणी भिंतीशी. टाचा, नितंब आणि पाठ भिंतीला लावा, नजर समोर. डोक्याची मागची बाजू सहज टेकायला हवी. नाही टेकली तर राहिलेलं अंतर पट्टीने मोजून लिहून ठेवा. बरेच जण हनुवटी वर करून डोकं टेकवतात. तो आकडा खोटा.

सवयीच्या बाकासाठी पंचाची घट्ट गुंडाळी करा, ८ ते १० सेंटिमीटर जाड. गुडघे मुडपून उताणं झोपा आणि गुंडाळी खांद्याच्या फऱ्यांखाली आडवी घ्या, कमरेखाली नाही. दोन ते तीन मिनिटं सावकाश श्वास. नंतर दाराच्या चौकटीला कोपरापासून पुढचे हात लावून छाती पुढे न्या, ३० सेकंद, तीनदा. शेवटी वरच्याच पालथ्या स्थितीत डोकं-खांदे उचलून पाच सेकंद धरा, दहा वेळा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे पाठीऐवजी कमरेतून वाकणं. मधली पाठ ताठ आणि कंबर सैल असते, म्हणून शरीर सोपी वाट धरतं; मग पाठ तशीच राहते आणि कंबर दुखू लागते. पोटाखाली उशी घेतली की हे टळतं. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात, तेही लॅपटॉपचा पडदा डोळ्यांच्या पातळीला आणला तर. खांदे मागे ओढणारे पट्टे आठवण करून देण्यापुरते ठीक. दिवसभर बांधले तर स्नायूंना कामच उरत नाही.

वाढीच्या वयातल्या मुलांचा ताठर बाक बहुधा शॉयरमान आजाराचा असतो. लागून असलेले किमान तीन मणके पुढच्या बाजूला प्रत्येकी ५ अंश किंवा जास्त दबून पाचरीसारखे होतात. वाढ शिल्लक असेपर्यंतच ब्रेसचा (धडाला बांधायच्या कडक आधाराचा) उपयोग होतो, त्यामुळे ‘दहावीची परीक्षा होऊ दे, मग बघू’ हे वर्ष महागात पडू शकतं. ७५ अंशांपुढे शस्त्रक्रियेचा विचार होतो.

पन्नाशीनंतर, विशेषतः पाळी थांबलेल्या बायकांमध्ये, ठिसूळ मणका बादली उचलतानाही दबतो. पडायलाच हवं असं नाही. तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर किंवा जास्त घट झाली असेल तर एक्स-रे आणि हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी करून घ्या. तोवर पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन आणि सूर्यनमस्कार बंद. पुढे वाकताना मणक्याच्या पुढच्याच भागावर दाब येतो, आणि तुटतो तोच. गुंडाळीचा व्यायामही इथे डॉक्टरांना विचारूनच.

बाक गोल नसून एकाच जागी टोकदार कुबड दिसत असेल, रात्री दुखत असेल, संध्याकाळी ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर मणक्याच्या क्षयाची शंका घ्यायलाच हवी. अशी पाठ चोळून घेऊ नये, हाडवैद्याकडून मोडून तर मुळीच घेऊ नये. आतला पू आणि खचलेलं हाड मज्जारज्जूवर दाबू शकतं. पाय लटपटणं, चप्पल नकळत पायातून निसटणं, लघवी अडणं यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. क्षयाची औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात. मणक्याच्या क्षयाला ती साधारण वर्षभर, कधी त्याहून जास्त चालतात. दुखणं मात्र त्याच्या कितीतरी आधी थांबतं, आणि गोळ्या बहुतेकदा तिथेच सुटतात.