गाडीचा पार्ट तुटायच्या आधी तडा कसा शोधायचा आणि तुटलाच तर तो तुकडा कसा वाचायचा

मागच्या पावसाळ्यात माझ्या मावसभावाच्या गाडीचं हॅण्डल तुटलं. पुण्यात सिंहगड रोडला नांदेड फाट्याच्या अलीकडे, स्पीड ब्रेकरवर, स्पीड असेल पंधरा-वीसचा. डावी बाजू क्लचच्या लिव्हरसकट हातात आली आणि हा आडवा. मागून काही येत नव्हतं म्हणून कोपर सोलण्यावर भागलं. घरी सगळे म्हणाले पार्ट ड्युप्लिकेट असणार, मेकॅनिक म्हणाला लोखंड कुजलं होतं. मी भोसरीत फोर्जिंगच्या (धातू तापवून ठोकून पार्ट बनवण्याच्या) क्वालिटीमध्ये 14 वर्षं काढलीत, त्यामुळे मी आधी तो तुकडा मागून घेतला आणि गॅलरीत उन्हात धरून बघितला, तर सगळं तिथेच लिहिलेलं होतं. तीन वर्षांपूर्वी फॉग लॅम्पची वायर आतून न्यायला कुणीतरी क्लॅम्पच्या शेजारीच हॅण्डलला ड्रिलने भोक पाडलेलं, आणि तडा बरोबर त्या भोकाच्या कडेवरून निघालेला.

धातू असा "अचानक" जवळजवळ कधीच तुटत नाही. तडा आधी पडतो, महिनोन् महिने केसाएवढा वाढत राहतो, आणि शेवटी जेवढा धातू उरलेला असतो त्याला एखादा साधा स्पीड ब्रेकरसुद्धा झेपत नाही. याला फटिग म्हणतात. रेल्वेचे अ‍ॅक्सल असे तुटायचे, 1842 ला फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ अ‍ॅक्सल तुटून फार मोठा अपघात झाला होता, आणि तेव्हा लोकांना खरंच वाटायचं की वापरून वापरून लोखंड आतून दाणेदार होतं. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी वर्षानुवर्षं अ‍ॅक्सलवर टेस्ट करून दाखवलं की धातू बदलत नाही, कमी लोड पण लाखो वेळा आला की तडा जातो. आपल्या गाडीचं चाक एका किलोमीटरला साधारण 500 वेळा फिरतं, म्हणजे 10,000 किलोमीटरला 50 लाख फेरे, आणि प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक स्पोक एकदा ढिला पडून परत ताणला जातो. हा आकडा डोक्यात ठेवा म्हणजे पुढचं सगळं पटेल.

आता तुकडा कसा वाचायचा. तुटलेल्या तोंडावर सहसा दोन भाग दिसतात. एक गुळगुळीत, मळकट, कधी गंजलेला, आणि नीट बघितलं तर त्यावर शिंपल्यावर असतात तशा कमानी कमानी. हा जुना तडा, त्या कमानी जिथून सुरू झाल्यासारख्या वाटतात ती जागा म्हणजे मूळ. दुसरा भाग खडबडीत, चकचकीत, हा शेवटच्या क्षणी तुटलेला. खडबडीत भाग छोटासाच असेल तर लोड काही फार नव्हता, पण तडा खूप दिवस वाढत होता आणि कुणाच्या लक्षात आला नाही. खडबडीत भाग मोठा असेल तर लोडच जास्त होता. आणि सगळंच तोंड खडबडीत, कमानी नाहीतच, पार्ट वाकलेला पण आहे, तर बहुतेक आधी अपघात झाला आणि मग पार्ट तुटला. इन्शुरन्सला नाहीतर कंपनीकडे तक्रार करताना हा फरक फार महत्त्वाचा, म्हणून एक कळकळीची विनंती, दोन तुकडे "बसतात का बघू" म्हणून एकमेकांवर घासू नका, वायर ब्रश मारू नका, बोट लावू नका. आधी फोटो काढा, मग तेलाचा पातळ हात मारून दोन्ही तुकडे वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

तडा कुठून निघतो? जिथे आकार एकदम बदलतो तिथून. भोक, खाच, धारदार कोपरा, वेल्डिंगचा शेवट, पान्याने पडलेला ओरखडा, कुणीतरी पंचने ठोकलेला नंबर. सपाट पट्टीला गोल भोक असेल तर भोकाच्या कडेला ताण साधारण तिप्पट होतो, हे पुस्तकातलं गणित आहे, भोक अगदी गुळगुळीत असलं तरी. ड्रिलने घाईत पाडलेल्या खरबरीत भोकाला त्याहून वाईट, वर आतून पावसाचं पाणी. म्हणून हॅण्डल, स्विंग आर्म (मागचं चाक धरणारा, मेकॅनिक ज्याला चिमटा म्हणतात तो), चासी, यांना भोक पाडायचं नाही. वायर बाहेरून न्या आणि टाय मारा, दिसायला थोडी वाईट दिसली तरी चालेल.

लडाखला किंवा कोकणात जायच्या आधी आपल्याकडे सगळे कॅरियर वेल्ड करून घेतात. मागच्या सबफ्रेमची (सीटखालच्या सांगाड्याची) नळी पातळ असते, तिच्यावर थेट झाळलं की वेल्डच्या कडेला धातूचा स्वभावच बदलतो, आणि मग सामानाचं वजन मागे लटकून प्रत्येक खड्ड्यात तीच कड वाकवतं. वरंधा घाटात एका ग्रुपमधल्या गाडीचं सीट मागून खाली बसलेलं मी स्वतः बघितलंय, नळी वेल्डच्या बरोबर शेजारी तुटलेली, वेल्ड स्वतः मस्त शाबूत. कॅरियर बोल्टने बसणारंच घ्या, कंपनीने दिलेल्या जागांवर, आणि जड सामान शक्य तेवढं पुढे आणि खाली.

बोल्टचं जरा सविस्तर सांगतो कारण इथे चांगले चांगले लोक चुकतात. बोल्ट तुटला की आपण म्हणतो बोल्ट कमजोर होता, पण बहुतेक वेळा तो ढिला होता. घट्ट बसलेल्या बोल्टला गाडीच्या हादऱ्यांचा फार थोडा भाग जाणवतो, बाकीचा दोन पार्टच्या दाबात जिरतो. ढिला झाला की सगळे हादरे एकटा बोल्ट खातो आणि डोक्याखाली किंवा पहिल्या आट्याला तुटतो. म्हणजे टॉर्क पाना (किती घट्ट झालं ते मोजून दाखवणारा) आणि गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल, एवढाच उपाय. अंदाजाने "अजून थोडा" करणाऱ्यांनी अ‍ॅल्युमिनियमचे फोर्क बॉटम (पुढच्या सस्पेन्शनचा खालचा भाग) आणि क्लॅम्प फोडलेत.

दुसरी चूक म्हणजे हौसेने स्टेनलेसचे चकाचक अ‍ॅलन बोल्ट बसवणे. बोल्टच्या डोक्यावर 8.8 असेल (हा ताकदीचा ग्रेड) तर तो 800 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरला तुटतो आणि 640 ला कायमचा ताणला जातो. स्टेनलेसवर ए2-70 लिहिलेलं असतं, तो तुटतो 700 ला आणि ताणला जायला लागतो 450 ला. साइड पॅनेलला लावा बिनधास्त. ब्रेकच्या कॅलिपरला, फुटरेस्टला, इंजिन माउंटिंगला नको.

आणि तिसरी, अगदी क्वचित होणारी पण भयंकर. "स्ट्राँग पाहिजे" म्हणून नाना पेठेतून 12.9 चा, म्हणजे 8.8 पेक्षा बराच कडक बोल्ट आणला, तोही झिंक प्लेटिंग केलेला चकचकीत. प्लेटिंगच्या आधी बोल्ट अ‍ॅसिडमध्ये बुडवतात, मग प्लेटिंग करताना करंट देतात, या दोन्हीत हायड्रोजन स्टीलच्या आत शिरतो, आणि प्लेटिंगनंतर लगेच भट्टीत साधारण 200 डिग्रीला काही तास भाजून तो बाहेर काढला नाही तर एवढं कडक स्टील ठिसूळ होतं. शनिवारी टाइट केलेल्या बोल्टचं डोकं सोमवारी सकाळी जमिनीवर पडलेलं दिसतं, गाडी जागची हललेली पण नसते. 8.8 ला ही भीती जवळपास नाही. म्हणून मॅन्युअलमध्ये 8.8 असेल तर 8.8 च, आणि 12.9 लागतच असेल तर काळा, प्लेटिंग नसलेला. याच कारणाने गंज काढायला कडक बोल्ट किंवा चेन कधीही अ‍ॅसिडमध्ये बुडवू नका, चेनच्या पट्ट्यांना याने तडे जातात आणि इंजिनच्या तोंडाशी तुटलेली चेन क्रॅंककेस फोडून जाते.

स्पोकचं थोडक्यात. गाडी मेन स्टॅण्डवर, स्क्रूड्रायव्हरने एकेक स्पोक वाजवायचा. टण्ण वाजला तर ठीक, थड वाजला तर ढिला, आणि ढिलाच आधी तुटतो, हबच्या वळणावर. एक तुटला तर बदला, पण महिन्याभरात दोन-तीन तुटले तर सगळेच थकलेत, पूर्ण सेट नवा घालून चाक परत बांधून घ्या.

अलॉय व्हीलला, म्हणजे अॅल्युमिनियमच्या चाकाला, मात्र वेगळा हिशोब. स्टीलला एक मर्यादा असते, त्याखालचा ताण कितीही वेळा आला तरी सहसा तडा जात नाही. अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादाच नाही, छोटा ताण पण मोजला जातो. जोराचा खड्डा बसला आणि नंतर टायरची हवा हळूहळू उतरतेय, पंक्चर सापडत नाहीये, तर रिमच्या आतल्या कडेला साबणाचं पाणी लावून बघा, बुडबुडे आले तर तडा आहे. असा रिम झाळून घेऊ नका, आणि गॅसने तापवून ठोकून सरळ पण करू नका. या रिमची ताकद बऱ्याचदा हीट ट्रीटमेंटमधून आलेली असते, ज्योत लागली की ती जाते, आणि वरून रंग मारला की कुणाला कळत पण नाही. नवा रिम महाग आहे, मला मान्य आहे, तरीही.

आता प्रत्यक्ष तपासणी. दोन सर्व्हिसिंगमधून एकदा, आणि लांबच्या ट्रिपच्या आधी आणि नंतर. गाडी आधी साध्या पाण्याने धुवा, कोकणातून आला असाल तर खालून पण, मिठाचं पाणी फटिगला फार मदत करतं. मग टॉर्च तिरका धरून या जागा बघा: नेकच्या (हॅण्डलचा दांडा ज्या नळीत फिरतो तिच्या) वेल्डिंगच्या आजूबाजूला, स्विंग आर्मच्या पिव्होटला, इंजिन माउंटिंगच्या कानांना, साइड स्टॅण्डच्या लगला, म्हणजे स्टॅण्ड ज्यावर बसतो त्या वेल्ड केलेल्या कानाला (साइड स्टॅण्डवर गाडी लावून वर बसून गप्पा मारायची सवय सोडा, सगळं वजन त्या एका वेल्डवर जातं), फुटरेस्टच्या ब्रॅकेटला, हॅण्डलच्या क्लॅम्पच्या कडांना. रंगावर केसासारखी रेघ आणि त्यातून गंजाचा ओघळ दिसला की थांबायचं.

शंका आली तर डाय पेनिट्रंट, म्हणजे तड्यात शिरणारा रंग लावून करायची टेस्ट, करा. क्लीनर, लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर असे तीन कॅन येतात, इंडस्ट्रियल सामानाच्या दुकानात विचारा. रंग केमिकल रिमूव्हरने काढा, वायर ब्रश किंवा सॅण्ड ब्लास्ट नको कारण त्याने धातू पसरून तड्याचं तोंड बंद होतं. क्लीनरने पुसून पूर्ण वाळू द्या, लाल डाय मारा, पंधरा मिनिटं थांबा. मग कोरड्या फडक्याने पुसा, नंतर फडक्यावर थोडा क्लीनर घेऊन पुसा. क्लीनर थेट पार्टवर फवारला तर तड्यातला डाय पण धुऊन जातो, ही चूक सगळे करतात. शेवटी डेव्हलपरचा पातळ थर आणि दहा मिनिटं वाट बघा. पांढऱ्यावर लाल रेघ उमटली तर तडा आहे. हे मोकळ्या हवेत करा, ग्लोव्हज घाला, ज्योत-सिगारेट लांब, आणि ब्रेक पॅड-डिस्कवर थेंब पडू देऊ नका. आणि फक्त वरपर्यंत आलेला तडाच यात दिसतो, आतला नाही.

तडा सापडला तर सबफ्रेम किंवा स्टॅण्डचा लग चांगल्या वेल्डरकडून दुरुस्त होतो, आधी बॅटरीच्या वायरी काढा नाहीतर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जाईल. हॅण्डल, अ‍ॅक्सल, फोर्क, स्विंग आर्म आणि नेक यांना वेल्डिंग नाही. नेकला तडा असेल तर गाडी चालवायची नाही, टेम्पोत घालून न्यायची.

मावसभावाच्या गाडीला आता नवीन हॅण्डल आहे आणि फॉग लॅम्पची वायर बाहेरून टायने बांधलेली आहे. हॅण्डल बदलताना मी खालच्या क्लॅम्पला पण डाय मारून बघितला, तिथे काही निघालं नाही.