बाजारातून शेळ्या घरी आणताना: आधी बारदान, मग बाकीचं

पैसे, दावी, पाण्याचा कॅन आणि बादली हे कोणाला सांगायला नको. आदल्या रात्री गाडीत पहिली वस्तू टाकायची ती बारदान. म्हणजे तागाचं, खरबरीत पोतं. खताची किंवा पशुखाद्याची प्लास्टिकची गोणी चालत नाही, ती ओली झाली की पत्र्यापेक्षा जास्त घसरते. छोट्या हत्तीला (टाटा एस टेम्पोला) 4 बारदानं आणि इको किंवा वॅगनआरला 2 लागतात. शिवण उसवून ती सपाट करा. शिवाय एक कोरडं बारदान वेगळं ठेवा. सातारा जिल्ह्यातल्या लोणंदच्या गुरुवारच्या बाजारात दावं, पट्टा, घुंगरू सगळं मिळतं, पण खरेदी झाल्यावर गर्दीत जनावर धरून बारदान शोधत कोण फिरणार? घरूनच न्या.

एवढा आग्रह का, तर गाडी सुटल्यावर पहिल्या पाच-दहा मिनिटांत घाबरलेली शेळी मुतते आणि लेंड्या टाकते. पत्रा बुळबुळीत होतो. पहिल्या वळणाला एक जण बसते, उठू पाहते, मागचे पाय फाकतात, आणि बाकीच्या तिच्या अंगावर उभ्या राहतात. खुबा दुखावलेली शेळी महिनाभर नीट चालत नाही. गाभण असेल तर गाभ पडू शकतो. लोणंदहून पुण्याकडे येताना दिवे घाटाची वळणं लागतात. तिथे पायाखाली काही नसेल तर चालकाने कितीही सांभाळून चालवलं तरी उपयोग नाही.

थर असा लावा. तळाला ताडपत्री, कडा वीतभर वर वळवलेल्या, म्हणजे मूत गाडीच्या सांध्यांत उतरत नाही. कारमध्ये हे जास्तच महत्त्वाचं, नाहीतर कार्पेटचा वास वर्षभर जात नाही. त्यावर अडीच-तीन इंच गव्हाचं काड किंवा उसाचं वाळलं पाचट. सर्वात वर बारदान, टोकं एकमेकांवर चढवून कडांना बांधलेली. नुसतं काड टाकलं तर ते पायांनी कोपऱ्यात सरकतं आणि मधे ताडपत्री उघडी पडते. म्हणून वर बारदान हवंच.

आता जागा. 1978 च्या जनावर वाहतुकीच्या नियमांप्रमाणे 30 किलोच्या वरच्या शेळीला सुमारे 3 चौरस फूट लागतात. छोट्या हत्तीचा हौदा, म्हणजे मागची माल ठेवायची जागा, साधारण 7 बाय 5 फूट, म्हणजे हिशेबाने 11 मावतात. तुम्ही 10 वर थांबा. तीनच शेळ्या असतील तर हौदा मोकळा सोडू नका. आडवी फळी बांधून जागा निम्मी करा, नाहीतर ब्रेक लागला की त्या केबिनवर आदळतात. फाळका, म्हणजे हौद्याच्या कडेची पत्र्याची भिंत, जेमतेम फूटभर उंच असतो, शेळी तो सहज ओलांडते. चार फुटी जाळी किंवा बांबूचा कठडा आधीच बसवून घ्या. वरून शेडनेट टाका. ताडपत्रीने चहूबाजूंनी झाकू नका, आत कोंडून जीव जातो.

कारमध्ये मागची सीट पाडून दोन, फार तर तीन. चालकाच्या मागे जाळी हवीच, शेळी पुढे उडी मारते आणि गिअरवर पाय देते. काचा चार बोटं उघड्या. मागचं दार अर्धवट उघडं ठेवून चालवू नका, सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो. मोटरसायकलवर मधे धरून आणायचा विचार सोडून द्या.

बांधताना गळ्यात पट्टा, सरकफास कधीच नाही. गाठ सुरगाठ असावी, एका झटक्यात सुटणारी. दावं दीड फुटाच्या आत, म्हणजे बसता येतं पण उडी मारता येत नाही. लांब दाव्याने शेळी फाळक्यावरून बाहेर पडून गळफास लागतो. पाय बांधायचे नाहीत, तेही नियमातच आहे. चढवताना एक हात छातीपुढे, दुसरा मांड्यांमागे. कान, शिंग, पुढचा पाय धरून ओढलेलं दिसलं की तिथेच थांबवा. बोकड वेगळा. चार महिन्यांवरची गाभण शेळी घेतलीच असेल तर ती विणेपर्यंत मालकाकडेच राहू द्या.

कागद: बाजार समितीची पावती, पशुवैद्यकाचा दाखला, कानातल्या 12 अंकी बिल्ल्याचा नंबर. खिशात ठेवा, डिकीत नको.

बाजारात विकणाऱ्याने पोट भरून पाणी पाजलेलं असतं, धान्य चारलेलं असतं. तुम्ही वर काही घालू नका, पोट फुगतं. उन्हाळ्यात सकाळी 10 च्या आत निघा. चहाला थांबलात तर सावलीत, आणि त्याच वेळी वाकून पाहा: कोणी बसली आहे का, बारदान सरकलं आहे का. चिंब झालं असेल तर कोरडं वर टाका. ते जास्तीचं कोरडं बारदान याचसाठी आहे, बसायला नाही. वेग 40-50. ब्रेक हळू.

घरी आल्यावर: सावली, गूळ-मिठाचं कोमट पाणी, अर्ध्या तासाने कडबा. धान्याचा खुराक दोन दिवस नाही. जुन्या कळपापासून 21 दिवस लांब, भांडी वेगळी. नाक गळतंय, हगवण लागली, ताप वाटतोय तर लगेच डॉक्टर. पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या विषाणू रोगाची) लस झाली आहे का ते त्यांनाच विचारा. काड उकिरड्यावर, हौदा फिनाइलने.