अभ्यासक्रम आखताना या चुका टाळा

विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या अभ्यास मंडळापुढे नवा पेपर, म्हणजे एका विषयाचा सत्रभराचा अभ्यासक्रम, येतो तेव्हा बहुतेक वेळा ती एखाद्या संदर्भग्रंथाची अनुक्रमणिकाच असते. तिचे चार घटक पाडलेले असतात आणि अध्ययन निष्पत्ती, म्हणजे पेपर शिकून झाल्यावर विद्यार्थ्याला काय करता यावे याची विधाने, मागाहून चिकटवलेल्या असतात. बाकीच्या बहुतेक चुका यातूनच निघतात.

एका महाविद्यालयाचा संख्याशास्त्राचा पेपर माझ्याकडे तपासायला आला होता. 'विद्यार्थी सर्वेक्षणातील माहितीचे विश्लेषण करू शकेल', अशी त्याची निष्पत्ती होती. सत्रान्त परीक्षेत मात्र मध्यकाची व्याख्या, प्रमाण विचलनाचे सूत्र आणि नीट मांडून दिलेल्या दहा आकड्यांवरचे गणित एवढेच होते. पुढच्या वर्षी त्याच मुलांना प्रकल्पासाठी खऱ्या सर्वेक्षणाची फाइल मिळाली. वयाच्या रकान्यात कुठे २१, कुठे २१० आणि मध्येमध्ये रिकाम्या जागा होत्या. मुलांनी रिकाम्या जागी शून्य भरले, सरासरी काढली आणि ती दोन दशांश स्थळांपर्यंत अहवालात छापली. मुले हुशार होती, पण हाती आलेली माहिती आधी पडताळायची असते, हे त्यांच्याकडून कोणी कधी करूनच घेतले नव्हते.

निष्पत्ती, अध्यापन आणि मूल्यमापन यांचा मेळ बसला पाहिजे, हे शिक्षणतज्ज्ञ जॉन बिग्ज यांनी १९९६ मध्येच मांडले होते. मी स्वतः आधी सत्रान्त प्रश्नपत्रिका नमुना उत्तरांसह लिहितो आणि मगच तासिका आखतो. ज्या निष्पत्तीवर प्रश्न काढता येत नाही, ती खोडतो. शैक्षणिक उद्दिष्टांच्या पायऱ्या मांडणाऱ्या ब्लूमच्या तक्त्यातून क्रियापदे उचलून नॅकची (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) फाइल भरणे झटपट होते, पण त्याने वर्गात काहीही बदलत नाही.

'समजेल', 'जाणेल' ही क्रियापदे निष्पत्तीत वापरू नयेत, कारण त्यांवर थेट प्रश्न काढता येत नाही.

दोन श्रेयांकांच्या (क्रेडिटच्या) पेपरला ३० तासिका असल्या, तरी गणपती, दिवाळी आणि स्नेहसंमेलन यांमुळे तेवढ्या हाती पडत नाहीत, म्हणून नियोजन २४ तासिकांचेच करावे. नव्या प्राध्यापकांना सगळेच शिकवायची घाई असते. शेवटचा घटक दोन तासिकांत 'संपवला' असे ते समाधानाने सांगतात, तेव्हा तो फक्त त्यांच्यापुरता संपलेला असतो.

अंतर्गत मूल्यमापन सत्राच्या शेवटच्या आठवड्यात उरकल्यास विद्यार्थ्याला सुधारायला वेळच उरत नाही. पहिली छोटी चाचणी तिसऱ्या आठवड्यात घ्यावी, उत्तरपत्रिका आठवडाभरात परत द्याव्यात आणि ज्या प्रश्नावर निम्मा वर्ग अडला तो पुढच्या तासिकेत फळ्यावर सोडवावा. त्यासाठी चौथ्या घटकातला एखादा उपमुद्दा गाळावा लागला तरी चालेल.